पुस्तकातल्या मुलाचा दात पडत नाही: बालपुस्तकावर चित्रपट करायला निघालेल्यांसाठी

शेड्यूलच्या अकराव्या दिवशी, नाश्त्याचा वडापाव खाताना, आमच्या हिरोचा वरचा डावा सुळा पडला. पोरगं दहा वर्षांचं. दात मुठीत धरून ते अख्ख्या युनिटला दाखवत फिरत होतं आणि मी, कंटिन्युइटीची (कोणत्या शॉटमध्ये काय कसं दिसत होतं त्याची) वही सांभाळणारी सहाय्यक दिग्दर्शक, डोक्याला हात लावून बसले होते. शेवटच्या प्रसंगाचं निम्मं चित्रीकरण दात असताना उरकलं होतं आणि गोष्टीच्या सुरुवातीचे सीन अजून व्हायचे होते. म्हणजे पडद्यावर आधी खिंडार आणि तासाभराने सुळा. दात पडल्याचा प्रसंग गोष्टीत घुसवायचीही सोय नव्हती. तालुक्याच्या दंतवैद्यांनी काढता-घालता येणारा दात करून दिला, तर तो लावल्यावर पोराचा 'श' शिट्टीसारखा वाजायला लागला. शेवटी ते सगळे सीन उजव्या बाजूने आणि मिटल्या तोंडाने घेतले. त्या सिनेमात आमचा हिरो पहिला अर्धा तास हसतच नाही. एका परीक्षणात त्याच्या 'अंतर्मुख अभिनया'चं कौतुक आलं होतं.

एखादं आवडतं बालपुस्तक काखेत मारून "यावर फिल्म करायचीय" म्हणत कुणी आलं की मी आधी हा दात सांगते. पुस्तकातला मुलगा वीस भाग झाले तरी त्याच वयाचा राहतो. आपल्याला मिळणारा मुलगा दर महिन्याला वाढतो, त्याला सहामाही असते, दुपारी झोप येते. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका अडचणीभोवती फिरतात. फक्त पहिली पायरी तेवढी कागदपत्रांची.

१. आधी हक्क, मग नारळ

"लेखकाच्या मुलाशी बोलणं झालंय, ते 'करा की' म्हणाले." या 'करा की'वर लोक पटकथा लिहून मोकळे होतात. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात हक्क देणं-घेणं लेखी आणि सहीनिशीच होतं. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणखी एक मेख आहे, जी नवख्यांना हमखास माहीत नसते: घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो परत जातो. बालचित्रपटाला निर्माता मिळेपर्यंतच वर्ष निघून जातं. म्हणून मुदत स्पष्ट लिहा आणि ही एक वर्षाची अट लागू नाही असं कलम वकिलाकडून घालून घ्या.

लेखक हयात नसतील तर त्यांच्या निधनानंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, त्यामुळे 'श्यामची आई' २०११ पासून सगळ्यांना खुली आहे. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. 'फास्टर फेणे'ला हात लावायचा तर २०६१ संपेपर्यंत परवानगी लागणारच.

चित्रकाराला विसरू नका. मुलांच्या पुस्तकात निम्मं पुस्तक त्याचं असतं आणि चित्रांचा हक्क वेगळा असतो. तुमच्या हिरोचा चौकड्यांचा शर्ट आणि उभे केस मजकुरात नसून मुखपृष्ठावर असतील, तर बोलणी दोन ठिकाणी करावी लागतील. पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचा होकार पुरत नाही, मूळ लेखकापर्यंत किंवा त्याच्या वारसांपर्यंत जावं लागतं.

पैसे मोजले म्हणजे गोष्टीचं वाट्टेल ते करता येतं असंही नाही. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी'वरून 'समय की धारा' हा सिनेमा केला गेला, तेव्हा त्या विकृतीकरणाची तक्रार घेऊन कोर्टात गेल्या. १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की माध्यम बदलताना काही बदल होणारच, पण मूळ कृती ओळखू येणार नाही इतके नकोत. याचा आधार कॉपीराइट कायद्याचं कलम ५७. करारात कोणते बदल करणार ते थोडक्यात लिहून ठेवलं की पुढची रडारड टळते.

२. पुस्तकाची झेरॉक्स काढा आणि तीन पेन्सिली घ्या

माझ्या मते सिनेमा इथे होतो किंवा बिघडतो, म्हणून इथे घाई नको.

लाल पेन्सिल: कॅमेऱ्याला दिसेल आणि माइकला ऐकू येईल ते. निळी: जे फक्त निवेदक सांगतो. "त्याला फार वाईट वाटलं", "त्या दिवसापासून तो शहाणा झाला" वगैरे. या दोन पेन्सिली फिरवून झाल्या की बहुतेकांचा चेहरा उतरतो, कारण झेरॉक्स निळीशार झालेली असते. मराठी बालसाहित्यात निवेदकाला बोलायची हौस दांडगी.

'श्यामची आई' घ्या. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलेलं, बेचाळीस रात्रींचं पुस्तक. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. पुस्तकाचा जीव त्या सांगण्याच्या आवाजात आहे, आणि पडद्यावर नेमका तो आवाज उपरा वाटतो. पण पेन्सिल घेऊन बसा. अंघोळ झालेली, तळवे ओले, माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई धोंड्यावर आपल्या लुगड्याचे ओचे पसरते. हे सगळं लाल. एक धोंडा, एक लुगडं, दोन ओले पाय. कॅमेऱ्याला आणखी काही नको. त्यानंतर आई जे शिकवते ते शब्दांतलं आहे, आणि ते किती ठेवायचं हा दिग्दर्शकाच्या धीराचा प्रश्न आहे. पोहायला घाबरून लपलेला श्याम आणि शिंपटी घेऊन आलेली आई, हेही पुरतं लाल. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये या पुस्तकावर चित्रपट केला, वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. सत्तर वर्षांनी, २०२३ मध्ये, सुजय डहाके यांनी तेच पुस्तक पुन्हा घेतलं आणि कृष्णधवल रंगात केलं. दोन्ही ओळीने बघा आणि झेरॉक्सवर खुणा करत जा. कोणत्याही वर्गापेक्षा जास्त शिकाल.

तिसरी पेन्सिल हिरवी, आणि ती तुमच्या हातात नाही. चौथी-पाचवीच्या एखाद्या वर्गाला पुस्तक वाचून दाखवा. आठवड्याने परत जा आणि गोष्ट त्यांना सांगायला लावा. ती जे सांगतील ते प्रत्येकाच्या वेगळ्या कागदावर उतरवा आणि झेरॉक्सवर त्याला हिरवी खूण. आमच्या पुस्तकाच्या शेवटी मुलाचे वडील परत येतात. दिग्दर्शकाचा सगळा जीव त्या शेवटात होता. वर्गात तेवीस पोरं होती, त्यातल्या दोघांना वडील आठवले. विहिरीत पडलेली चप्पल मात्र एकोणीस जणांना आठवली, आणि एकीने तर ती पडताना येणारा आवाजही काढून दाखवला. निर्माता तोवर "विहिरीचा सीन उडवा, पाण्यात शूटिंग महाग पडतं" म्हणून मागे लागला होता. ते तेवीस कागद त्याच्यापुढे ठेवले तेव्हा विहीर वाचली.

फास्टर फेणेचं 'टॉक्!' असंच हिरवं. जीभ टाळूला लावून काढायचा तो आवाज पिढ्यान् पिढ्या प्रत्येक वाचकाने आपापल्या तोंडाने काढला आहे. सिनेमात मात्र तो एकच असतो. अशा गोष्टींची यादी कास्टिंगच्या आधी हवी, कारण ऑडिशनला आलेल्या मुलाला तो आवाज काढता येतो का हे बघायचं असतं.

३. हिरोचं वय किती, हे आताच ठरवा

पुस्तकातला बनेश ऊर्फ फास्टर फेणे (थोडक्यात फाफे) फुरसुंगीचा शाळकरी पोरगा, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, सायकलवर सुसाट सुटणारा. १९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा कोवळा सुमीत राघवन फाफे झाला होता. २०१७ च्या चित्रपटात आदित्य सरपोतदार आणि लेखक क्षितिज पटवर्धन यांनी फाफेला मोठाच केला: वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण, अमेय वाघ. शिवाय खुद्द भा. रा. भागवतांनाच गोष्टीत आणून बसवलं, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात.

हिशोब मांडला तर यात शहाणपण आहे. परीक्षेचा काळा धंदा, खून, गिरीश कुलकर्णींसारखा खलनायक, या सगळ्यासमोर दहा वर्षांचं पोर उभं करणं अवघड. तरुण नटाला बारा तासांची शिफ्ट चालते. आणि लहानपणी पुस्तकं वाचलेले आता तिकीट काढायच्या वयाचे झालेत. गेलं काय, तर थिएटरात बसलेल्या पाचवीतल्या मुलाला स्वतःएवढा हिरो मिळाला नाही. मला ती चुटपुट लागली, पण माझ्या खिशातून पैसे जाणार नव्हते, त्यामुळे बोलणं सोपं आहे.

मूलच हवं असेल तर माझा ठोकताळा असा: दहा वर्षांच्या भूमिकेसाठी अकरा-साडेअकराचं, अंगाने लहानखुरं मूल घ्या. पुढचे नवे दात आलेले असतात, आवाज अजून फुटलेला नसतो. ऑडिशनला "आ कर" म्हणायला लाजू नका. कोणता दात हलतोय हे आता मी वहीत लिहून ठेवते.

४. पटकथा: हाताला काम द्या

साठ-सत्तर सीनचा वन-लायनर (प्रत्येक सीन एका ओळीत) काढा आणि प्रत्येक सीनपुढे एकच गोष्ट लिहा: मूल हातांनी काय करतंय. 'विचार करतो', 'उदास बसतो' असं आलं की तो सीन पुन्हा लिहायचा. मुलाला उदास बसता येत नाही, त्याला शेंगा सोलता येतात, सायकलची चेन चढवता येते. शेंगा सोलायचा वेग कमी झाला की उदास दिसतं.

पुस्तक छोटं आहे म्हणून घाबरू नका. सत्यजित राय यांनी आजोबा उपेंद्रकिशोर यांच्या छोट्याशा गोष्टीवरून १९६९ मध्ये 'गुपी गाइन बाघा बाइन' हा दोन तासांचा सिनेमा उभा केला. भुतांचा नाच त्यांनी असा फुलवला की लोकांना आज सिनेमा म्हटल्यावर आधी तोच आठवतो. पैसे मर्यादित, म्हणून जवळजवळ सगळा चित्रपट कृष्णधवल आणि अगदी शेवटी तेवढा रंग. छोटं पुस्तक मला केव्हाही जास्त आवडतं, कारण कापण्याऐवजी पसरता येतं.

संवादांबद्दल एकच. छापील वाक्यं मुलाच्या तोंडी बसत नाहीत. वाचनाच्या वेळी मूल जिथे अडखळेल तिथे "तू हे घरी कसं म्हणशील?" असं विचारा आणि तेच लिहा.

५. परवानगी आणि पाच तासांचं गणित

चौदा वर्षांखालच्या मुलांना चित्रपटात काम करता येतं, पण अटींवर. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यांतलं रोजच्या कामाचं सांगते. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव देऊन परवानगी काढायची. लोकेशन दोन जिल्ह्यांत असेल तर दोनदा. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये विश्रांती. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती. शाळेत खंड पडू द्यायचा नाही. मानधनातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदतठेवीत. मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर पालकांची सही असूनही काम करून घेता येत नाही. हे शेवटचं बरेच पालक ऐकून चकित होतात.

आता गणित. पाच तासांतून मेकअप, कपडे, खाणं वजा केलं की कॅमेऱ्यासमोर तीन-साडेतीन तास उरतात. तेवढ्यात माझ्या अनुभवाने दोन पानं होतात. शंभर पानी पटकथेत मूल पंचाहत्तर पानांवर असेल तर अडतीस दिवस झाले. बजेट बहुतेक वेळा पंचवीस दिवसांचं असतं. मग युनिट काय करतं, तर तास चोरतं. "अजून एकच टेक" असं म्हणत साडेसहा तास होतात आणि पोर रडायला लागतं.

यावर उपाय सेटवर शोधायचा नसतो. मोठ्यांचे सीन पटकथेतच असे लिहा की सकाळी मुलांचं काम, दुपारनंतर त्याच घरात, त्याच लाइटिंगमध्ये मोठ्यांचं. मूल पाठमोरं असलेले शॉट वेगळे काढा. पाऊस आणि उन्हाळा अशी दोन शेड्यूल असतील तर मधल्या काळात मुलाची उंची वाढणार हे धरून चाला. आम्ही कपडे दोन मापांत शिवून घेतो आणि दाराची चौकट मागे असलेला कोणताही सीन दोन शेड्यूलमध्ये विभागत नाही.

बैल, कुत्रा, कोंबडी यातलं काहीही फ्रेममध्ये काम करणार असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्या. कुत्रा सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉटदादांचाच आहे ही सबब सेन्सॉरला चालत नाही.

६. सेटवर

मुलाला सूचना एकानेच द्यायची. दिग्दर्शक 'दादा' असेल तर दादाच बोलणार. नाहीतर कॅमेरामन "जरा डावीकडे", आई मॉनिटरमागून ओठ हलवतेय, लाइटमन काका हसवतायत आणि पोर चौघांचं ऐकायला बघतं. पालकांची खुर्ची मुलाला दिसेल पण तिथून पालकांना मॉनिटर दिसणार नाही अशी ठेवायची. आमच्या हिरोची आई फार गोड बाई, पण प्रत्येक टेकनंतर ती मान हलवायची आणि ते पोर कट झाल्या झाल्या दादाऐवजी आईकडे बघायचं. खुर्ची तुळशीवृंदावनाच्या पलीकडे नेली, त्याच दिवशी काम सुधारलं.

क्लॅपचा फटाका ऐकला की मुलं ताठ होतात. तालीम म्हणून सुरू करा, कॅमेरा गुपचूप चालू ठेवा आणि क्लॅप शेवटी उलटा धरून द्या. संकलकाला आधी सांगून ठेवलं की तो शिव्या देत नाही.

रडण्याच्या सीनसाठी मुलाला घाबरवणं, घरचं काहीतरी खोटं सांगणं, चिमटा काढणं हे प्रकार मी पाहिले आहेत. करू नका. टेक मिळतो आणि मूल जातं, दुसऱ्या दिवशी ते तुमच्याकडे बघतही नाही. ग्लिसरीन आहे, पाठमोरा शॉट आहे, आणि बऱ्याचदा शेंगा सोलणं आहेच.

जेवणाआधी कुरकुरे वाटणारा एक मामा प्रत्येक युनिटमध्ये असतो. पहिल्या दिवशीच त्याला शोधून काढा.

७. नंतरचं

डबिंग लांबवू नका. आवाज कधी फुटेल सांगता येत नाही. शक्यतो सिंक साउंड (चित्रीकरणाच्या वेळीच आवाज उतरवणं) करा, आणि पॅकअपच्या आधी त्याच जागी मुलाकडून सगळे संवाद नुसते आवाजात घेऊन ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रात २०२४ पासून यूए (पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या) वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झालेत. कुणासाठी सिनेमा करताय हे पोस्टरवर छापून येणार, त्यामुळे मारामारी किती दाखवायची ते संकलनाच्या टेबलावरच ठरवा. चित्रपटात मुलं असतील तर त्यांचं शोषण झालेलं नाही, सर्व काळजी घेतली आहे अशी पाटीही द्यावी लागते. ती खरी असावी एवढंच.

आणि कच्चं संकलन झालं की त्याच वर्गात परत जा. आम्ही गेलो तोवर पोरं सहावीत गेली होती. शाळेच्या हॉलमध्ये पडदे ओढून प्रोजेक्टर लावला आणि मी पडद्याशेजारी, पोरांकडे तोंड करून बसले. सिनेमा बघायचा नाही, पोरं बघायची. कोण कितव्या मिनिटाला "ताई, पाणी प्यायला जाऊ?" म्हणतं ते लिहायचं. एकेचाळिसाव्या मिनिटाला एकदम चौघं उठली. तिथली अडीच मिनिटं नंतर काढून टाकली, त्यात दिग्दर्शकाच्या आवडीचा सूर्यास्तही गेला.

विहिरीचा सीन आला तेव्हा हॉल गप्प झाला. निळी रबरी चप्पल गरगरत खाली गेली, आवाज आला. तोच आवाज, जो त्या मुलीने वर्गात काढून दाखवला होता, आमच्या साउंडवाल्याने तो जपून उतरवला होता. मी तिच्याकडे बघत होते. ती वळून शेजारणीला म्हणाली, "पण ती लाल होती."

रात्री घरी आल्यावर पुस्तक काढलं आणि ते पान दोनदा वाचलं. चपलेचा रंग कुठेच लिहिलेला नाही.